खाली बावीस नावं

पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर पदवी घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा ते नेमकं काय असतं हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. शेजारच्या काकूंनी आईला सरळ विचारलं, "म्हणजे पोरगी ट्रॅव्हल्सच्या गाडीवर बसणार का काय?" आई म्हणाली, "गाडीवर नाही, विमानात बसणार." विमान दूरच राहिलं. पहिल्या वर्षभरात माझा सगळ्यात मोठा प्रवास झाला तो खराडीपर्यंत, म्हणजे आमच्या येरवड्यापासून बसने अर्धा तास. तिथे एका नव्याकोऱ्या काचेच्या इमारतीच्या तळघरात बसून मी कापडी पिशव्यांमध्ये एक पेन, एक वही आणि एक पाण्याची बाटली भरत होते. अशा चारशे पिशव्या. आमच्या अभ्यासक्रमात याला प्रात्यक्षिक म्हणत.

हे सगळं शांतपणे लिही, असा सल्ला मला दोघातिघांनी दिला. काळ गेला, संस्था चालू आहे, माणसं आपापल्या जागी आहेत, कशाला उगाच. मी शांतपणे लिहिणार नाही. मला ते येत नाही. शिवाय जे झालं त्यात माझी स्वतःची एक घोडचूक होती आणि तिचा विचार केला की अजून कान गरम होतात.

संस्था सदाशिव पेठेत होती. खाली दवाखाना, वर अकरावी-बारावीचे क्लास, मधल्या मजल्यावर आम्ही बावीस जण. भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा आणि खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले टॉवेल. शिकवणं वाईट नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. तिकिटं काढायची संगणकावरची पद्धत, व्हिसाचे नियम, विमानतळांची तीन-तीन अक्षरी नावं, सहलीचा आराखडा कसा बांधायचा, चाळीस माणसांच्या गटात दोन शाकाहारी आणि एक मधुमेही असला तर जेवणाचं काय करायचं, हे सगळं मी तिथे शिकले आणि त्यावर आज जगते. प्रश्न होता तो प्रात्यक्षिकांच्या तासांचा. दोन वर्षांत ठरलेले तास भरले नाहीत तर तोंडी परीक्षेला बसता येत नसे, आणि तासांवर सही करायच्या त्या आमच्या समन्वयक मॅडम.

ती वर्षं अशी होती की पुण्यात दर आठवड्याला कशाचं ना कशाचं उद्घाटन असायचं. परदेशी कंपन्या येत होत्या. खराडीच्या माळावर काचेच्या इमारती उठत होत्या. इमारत उठली की पाहुणे आले, पाहुणे आले की नऊवारीतल्या मुली आणि फेटेवाली मुलं हवीत, तबक हवं, औक्षण हवं, कपाळाला कुंकू हवं, कारण त्याशिवाय पाहुण्यांना आपण महाराष्ट्रात उतरलो हे कळणार कसं? ही मुलं-मुली पुरवायची ती आमच्या संस्थेने. आदरातिथ्याचा अनुभव.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आयोजकांचा एक माणूस वर्गात येई. अत्तराचा घमघमाट, हातात पॅड. आम्हाला भिंतीला लावून उभं करी आणि रांगेतून चालत जाई. "तुम्ही फ्रंट. तुम्ही फ्रंट. तुम्ही जरा... बॅकला मदत करा. तुम्ही फ्रंट. तुम्ही बॅक." बस्स, एवढंच. कधी आवाज चढवला नाही, कधी एक शब्द वावगा बोलला नाही. पहिल्या वेळी मला वाटलं, उंची बघतोय. दुसऱ्या वेळी वाटलं, इंग्रजी बघतोय, पण इंग्रजी बोलायला तर त्याने सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी तळघरात पिशव्या भरता भरता मी मान वर करून आमच्या टोळीकडे बघितलं. सात जण होतो. सातही माझ्याच रंगाचे. वर उजेडात जे उभे होते ते सगळे उजळ. तोवर कुणी काही म्हटलं नव्हतं, आणि मी म्हटल्यावरही सहा जणांपैकी फक्त एक जण बोलला. तो म्हणाला, "अगं, एसी आहे ना इथे. बस की."

मी समन्वयक मॅडमकडे गेले. त्या अंगाने किरकोळ, बोलायला धारदार.

"मॅडम, पुढे कोण आणि मागे कोण हे कशावरून ठरतं?"

"व्यक्तिमत्त्वावरून."

"माझ्या व्यक्तिमत्त्वात काय कमी आहे?"

"अहो, तुम्हीच पहिल्या आठवड्यात सांगितलंत ना, कुंकू लावणार नाही, औक्षण करणार नाही. आमच्या घरी हे चालत नाही म्हणून."

"हो. मी बौद्ध आहे. लावत नाही."

"तुम्हाला कुठे लावायचंय? पाहुण्यांना लावायचंय. बरं, ते नको. मग पुढे उभ्या राहून करणार काय आपण? पाहुण्यांशी वाद घालणार?"

वर्गातली दोन पोरं दाराबाहेर खिदळली. खरं काय होतं ते आज सांगते. मला तबक घेऊन उभं राहायचं नव्हतंच. पण मला कुणी उभं केलं नाही याचाही मला राग होता. दोन्ही राग एकाच पोटात होते, आणि पुढे जे पत्रक काढलं त्यात मी पहिलाच राग लिहिला.

पत्रकाकडे येण्याआधी माझ्या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यावर शेकलं.

ती बार्शीच्या पलीकडच्या एका गावातली. सदाशिव पेठेतच तीन मुलींसोबत एका खोलीत कॉट घेऊन राहायची. गोरी, सरळ नाकाची, म्हणून पहिल्या कार्यक्रमापासून कायम फ्रंट. वर्गात सगळ्यात हुशार होती ती. विमानतळांचे कोड तिला असे पाठ, की खानावळीत भाजी वाढणाऱ्या मावशी तिची परीक्षा घ्यायच्या. "टोकियो?" विचारायच्या आणि उत्तर बरोबर की चूक हे स्वतःला माहीत नसतानाही मान डोलवायच्या. तिच्या वडिलांनी तिला दोन वर्षं दिली होती. नोकरीचं पत्र आलं तर पुणं, नाही आलं तर शेजारच्या गावचं स्थळ तयारच होतं. मुलगा वाईट नाही, असं ती म्हणायची. "पण त्याच्या गावाला कोड नाही."

शेवटच्या सत्रात तिला खराडीतल्या एका मोठ्या कंपनीत मुलाखतीची संधी आली. कंपनीची शेकडो माणसं सारखी परदेशी जायची, त्यांची तिकिटं आणि व्हिसा बघणाऱ्या विभागात जागा होती. मुलाखतीला संस्थेचं शिफारसपत्र न्यायचं होतं. संचालकांनी देतो म्हटलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. पत्रक लिहिताना माहीत होतं.

त्याच कंपनीच्या एका कार्यक्रमात ती तबक घेऊन दारात उभी होती. एका पाहुण्याने तिला तीन वेळा कुंकू लावायला लावलं, फोटो नीट येईना म्हणून. तिसऱ्या वेळी त्याने तिचा हात मनगटाला धरून स्वतःच्या कपाळाशी नेला आणि फोटो काढून झाल्यावरही सोडला नाही. तिने मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "पाहुणे आहेत, उद्या जातील. आपण हसतमुख राहायचं." दुसऱ्या दिवशी खानावळीत तिने हे मला हसत हसतच सांगितलं, अगदी नक्कल करून. सांगताना डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होती आणि ते तिच्या लक्षात नव्हतं.

मी म्हटलं, "मी पत्रक काढणार."

ती म्हणाली, "काढ की."

मला तेवढं पुरे होतं.

आमच्या घरात पत्रक ही काही मोठी गोष्ट नाही. इतरांच्या घरी लोणच्याची बरणी असते तसं आमच्या घरी माळ्यावर जुन्या पत्रकांचं गाठोडं आहे. बाबा खडकीच्या कारखान्यात कामाला, पण वस्तीतल्या जयंती समितीची पत्रकं तेच लिहायचे. मी नववीत असताना त्यांनी पहिल्यांदा मला मजकूर करायला दिला. वर ठळक मथळा, मध्ये कार्यक्रम, आणि खाली नावं. आमच्याकडे पत्रक वाचतात ते खालून. आधी आपलं नाव बघायचं, मग मेहुण्याचं, मग कुणाचं गळलंय ते. एकदा अर्ध्या पानाच्या पत्रकावर छप्पन्न नावं होती आणि व्याख्यानाला जागा उरली दोन ओळी. एकदा एका काकांचं नाव चुकून राहिलं, तर ते वर्षभर आमच्या दारात आले नाहीत. शेवटी बाबा त्यांच्या नावासह नव्याने छापलेलं पत्रक घेऊन त्यांच्या घरी गेले, कार्यक्रम होऊन चार महिने झाले होते तरी. तेव्हा कुठे काकांनी चहा विचारला. ज्यांच्या आजोबांचं नाव कधी कुठल्या कागदावर नीट चढलं नाही, त्यांच्याकडे छापलेलं नाव ही केवढी वस्तू असते हे मला कुणी शिकवलं नाही, पण मला कळत होतं. आणि लिहिणाऱ्याचं नाव नेहमी शेवटी. तो शिष्टाचार.

बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांमागे एका बोळात एक छपाईवाले होते, बाबांच्या ओळखीचे. मी मजकूर दिला. मथळा होता, "आम्ही विद्यार्थी आहोत, शोभेच्या कुंड्या नाही!!!" खाली रंगावरून लावलेल्या रांगेबद्दल, धरलेल्या हाताबद्दल, न शिकवता भरल्या जाणाऱ्या तासांबद्दल. आजही त्यातलं एक वाक्य मी बदलणार नाही. फार तर दोन उद्गारचिन्हं कमी करीन. हाताबद्दल लिहिताना मी तिचं नाव मजकुरात घेतलं नाही. तेवढं भान मला होतं, आणि त्यामुळे माझं सगळंच भान जागेवर आहे असं मला वाटत होतं.

संगणकावर बसलेल्या माणसाने विचारलं, "खाली कोण?"

मी पर्समधून आमच्या वर्गाच्या हजेरीपटाची झेरॉक्स काढली.

"सगळी घ्यायची?"

"सगळी. कुणाचं राहिलं तर रुसेल."

"क्रम?"

मी मैत्रिणीचं नाव पहिलं घातलं, मानाचं. माझं शेवटी. त्याने छापून दाखवलं तेव्हा ती बावीस नावं दोन रकान्यांत इतकी देखणी दिसत होती की मी खूश होऊन त्याला म्हटलं, कागद गुलाबी घ्या.

पुढच्या शनिवारी त्याच कंपनीचा आणखी एक कार्यक्रम होता. पिशव्या भरायचं काम अर्थातच आमचं. पेन, वही, पाण्याची बाटली, पत्रक. तळघरातल्या कुणालाही ते वाचायला वेळ नव्हता. एकाने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "माहितीपत्रक." खोटं नव्हतं ते. तासाभराने मी वर गेले तेव्हा परदेशी पाहुणे गुलाबी कागद उलटसुलट करून बघत होते. एकाने त्याची घडी घालून जपून खिशात ठेवली, बहुधा देवळाचा प्रसाद समजून. पण पुढच्या रांगेतले आपले मराठी साहेब मात्र ओळ न ओळ वाचत होते. मला इतका आनंद फार थोड्या वेळा झालाय.

सोमवारी संचालकांनी पहिलं बोलावलं ते तिला.

काय बोलणं झालं ते तिने मला नंतर सांगितलं, म्हणजे माझ्या अंगावर ओतलं. संचालक उठून उभे राहिले, खुर्ची दाखवली. "बसा. आपण मराठी उत्तम लिहिता. शोभेच्या कुंड्या, वा. आपल्या मुलाखतीच्याच कंपनीत वाटायला धाडस लागतं." ती म्हणाली, मी लिहिलेलं नाही, मला हे माहीतच नाही. ते म्हणाले, "पहिलं नाव आपलं आहे." मग त्यांनी कागद पुढे केला. त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. माझं नाव माझ्या परवानगीशिवाय छापलं आहे, आणि पत्रकातील मजकूर खोटा आहे. खाली सही करायची. सही केली तर शिफारसपत्र.

ती म्हणाली, विचार करून सांगते. वर्गातल्या बाकीच्या वीस जणांना एकेक करून बोलावलं. विसांनी सह्या केल्या. तळघरातल्या सहांनीसुद्धा. त्यातल्या एसीवाल्याने मला जिन्यात गाठून सांगितलं, "नाव छापलंस ते छापलंस, आडनावाचं स्पेलिंग तरी बघायचंस."

मी संचालकांच्या खोलीत न बोलावता गेले.

"सर, पत्रक मी लिहिलंय."

"आपलं नाव शेवटी आहे."

"लिहिणाऱ्याचं शेवटीच असतं."

"ही कुठली पद्धत?"

"आमच्याकडची."

"अच्छा. आमच्याकडे पहिल्या नावावर जबाबदारी असते." त्यांनी चष्मा काढला. "समजा आपणच लिहिलंत. या बाकीच्यांना विचारलंत?"

मी मजकुराची तयारी करून गेले होते. रंगाबद्दल विचारतील, हाताबद्दल विचारतील, पुरावा मागतील, सगळ्याची उत्तरं होती. हा प्रश्न मला कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं, कारण आमच्या वस्तीत तो कुणी विचारत नाही.

मैत्रीण खानावळीच्या बाहेर भेटली. एरवी ती वर्गातलं मराठी बोलायची, अगदी ळ आणि ण सांभाळून. त्या दिवशी गावचं बोलली.

"तू मला इचारलंस का?"

"मी तुझं नाव पहिलं घातलं. मानानं."

"मला नको हुता मान! मी काढ म्हटलं, माझं नाव घाल म्हटलं व्हतं का? बाबांच्या हाताला लागलं तर? गावात कुणी आणून दिलं तर? पुण्यात जाऊन पोरगी हात धरल्याची पत्रकं वाटते म्हणतील."

"पण ते खरं आहे ना?"

"खरं हाय म्हणून काय झालं? खरं माझं हाय. माझ्या मनगटाचं हाय." मग ती हळू बोलली, आणि ते जास्त लागलं. "तो माणूस येतो, आमाला न इचारता पुढं उभं करतो. तू काय वेगळं केलंस? त्यानं तोंड बघितलं, तू हजेरीपट बघितलास."

"म्हणजे मी आणि तो सारखेच?"

"न्हाई. तो निदान अत्तर लावून येतो."

आता हसू येतं. तेव्हा मी बस सोडून सदाशिव पेठेतून येरवड्यापर्यंत चालत गेले, आणि पुलावर पोचेपर्यंत तिच्याविरुद्ध मनातल्या मनात तीन पत्रकं लिहिली. चौथ्याला मथळा सुचेना. कारण तिचं म्हणणं खरं होतं. मी तिच्यासाठी लढत होते, पण तिला विचारून नाही. माझ्या डोक्यात ती एक उदाहरण होती. चांगलं, ठसठशीत, पुराव्यासकट.

घरी बसून मी खुलासा लिहिला. पत्रक माझं एकटीचं आहे, बाकीची एकवीस नावं मी कुणालाही न विचारता छापली, ती माझी चूक आहे, त्यांची मी माफी मागते. आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात: मजकुरातला एकही शब्द मी मागे घेत नाही. बाबांनी वाचला. मजकूर ठीक आहे म्हणाले. मग खालची रिकामी जागा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"एकच नाव? बाई, हे पत्रक आहे का मयताची बातमी?"

"एकच."

"मी माझं घालू?"

"तुम्हाला विचारलंय का मी?"

"मीच विचारतोय की," बाबा म्हणाले. मी नाही म्हटलं. ते अख्खी संध्याकाळ घुश्शात होते.

छापायच्या आधी मी तो कागद घेऊन मैत्रिणीच्या खोलीवर गेले. ती कॉटवर बसून कोड पाठ करत होती, पाठ असलेलेच. मी म्हटलं, तू आधी वाच, तू नको म्हटलंस तर छापणार नाही. तिने पेन घेतलं. उद्गारचिन्हं खोडली. "तीव्र" खोडलं, "जाहीर" खोडलं, "समस्त" खोडलं. एका जागी मी लिहिलं होतं, माझ्या एका भगिनीवर झालेला अन्याय. ते तिने इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला.

"मी तुझी भगिनी कधीपासून?" प्रमाण मराठी परत आलं होतं. "छाप हे."

गुलाबी नाही, पांढऱ्या कागदावर छापलं, आणि वाटण्याआधी एक प्रत संचालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी खुलासा दोनदा वाचला. म्हणाले, पहिला अर्धा भाग उत्तम आहे. दुसरा परिच्छेद काढलात तर आपण दोघंही हा विषय विसरू. मी म्हटलं, मला विसरायचा नाहीये. मग त्यांनी समन्वयक मॅडमना बोलावलं आणि माझ्या शेवटच्या सत्राच्या तासांवर सही होणार नाही असं ठरलं. शिस्तीच्या कारणावरून. म्हणजे तोंडी परीक्षा पुढच्या तुकडीबरोबर, एक वर्षाने. मी तिथेच उभी राहून ते लेखी मागितलं. त्यांनी दिलं नाही. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. दुपारी चार वाजता शिपायाने आणून दिलं.

पण तिचं काय? खुलासा निघाल्यावर पहिल्या नावाची जबाबदारी संपली, असं मी धरून चालले होते. संचालक धरून चालले नव्हते. तिच्यासमोर तोच टाइप केलेला कागद परत आला. तिने पेन मागितलं, दुसरं वाक्य रेघ मारून खोडलं, आणि पहिल्याखाली सही केली. माझं नाव माझ्या परवानगीशिवाय छापलं आहे. एवढंच.

"अर्धा माफीनामा आम्ही घेत नाही," संचालक म्हणाले.

"मग अर्धाही राहू द्या," ती म्हणाली, आणि कागद तिथेच ठेवून आली. हे तिने मला सांगितलं नाही. मॅडमनी वर्गात सांगितलं, आश्चर्याने, जणू तबकाने मान वळवून बघितलं.

मुलाखतीच्या दिवशी ती शिफारसपत्राशिवाय खराडीला गेली. मी सोबत येऊ का विचारलं. विचारलं, हे लक्षात घ्या. ती म्हणाली, फाटकापर्यंत ये. फाटकावरच्या रक्षकाने मला तसंही आत सोडलं नसतंच, गुलाबी पत्रकवाली म्हणून मला ओळखलं होतं की काय कोण जाणे. मी समोरच्या रस्त्यावर, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या पत्र्याला टेकून दोन तास उभी राहिले. सिमेंटचे ट्रक जात होते. गळ्यात ओळखपत्राच्या पट्ट्या अडकवलेली माझ्या वयाची माणसं हसत-खिदळत चहाला येत होती आणि परत आत जात होती.

ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"एक मॅडम होत्या, मराठीच," ती म्हणाली. "पत्र मागितलं. मी म्हटलं, नाही. का नाही, विचारलं. मग त्यांनी खणातून काढलं. तुझं गुलाबी."

"म्हणाल्या, हे तुमचं? मी म्हटलं, नाव माझं, पण मला न विचारता घातलंय. म्हणाल्या, मग मजकूर खोटा आहे?"

"मग?"

"मी म्हटलं, मजकूर खरा आहे. तुमच्याच कार्यक्रमात, तुमच्याच दारात मी उभी होते. मनगट माझं होतं."

ट्रक गेला. आम्ही दोघींनी धुळीत डोळे मिटले.

"मग त्यांनी काय केलं?"

"काय करणार? कागद परत खणात ठेवला. म्हणाल्या, एक माणूस पुण्यातून निघून मधे दोन विमानं बदलून जाणार आहे, मधल्या देशाचा व्हिसा नाहीये, तिकीट कसं काढाल? मी काढून दाखवलं. दोन प्रकारांनी." पहिल्यांदाच ती जराशी हसली. "मग कळवतो म्हणाल्या."

"कळवतील?"

"मला काय माहीत? आणि ऐक. कळवलं तर ते तुझ्यामुळे नाही."

"माहीत आहे."

"नाही कळवलं तर तुझ्यामुळे."

"तेही माहीत आहे."

"बरं. मग चल, बस आली."

अकरा दिवसांनी पत्र आलं. कधी रुजू होताय, एवढंच विचारलं होतं. तिने ते वडिलांना वाचून दाखवलं, आधी मराठीत, मग त्यांनीच सांगितलं म्हणून इंग्रजीत. शेजारच्या गावच्या स्थळाला त्यांनी नकार कळवला. पुढच्या वर्षी आमच्या संस्थेतून त्या कंपनीच्या कार्यक्रमाला मुलं गेली तेव्हा पुन्हा रांग लागली, पुन्हा फ्रंट आणि बॅक झालं, फक्त आता ते हळू आवाजात झालं. पत्रकाने काय बदललं, असं मला लोक विचारतात, तेव्हा मी हेच सांगते. आवाज हळू झाला. मला ते पुरेसं वाटत नाही.

मी त्या नव्या तुकडीबरोबर शेवटच्या सत्राचे सगळे तास परत भरले, माझ्याहून वर्षाने लहान मुलांच्या शेजारी भिंतीला लागून. अत्तरवाला पॅड घेऊन माझ्यासमोर आला आणि "बॅक" म्हणणार एवढ्यात मी विचारलं, "कशावरून?" तो थांबला. मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीतून टॉवेल बघत होत्या. मी पुन्हा विचारलं, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं, आणि उत्तर येईपर्यंत रांगेतून हलले नाही.